आराखडा, उजळणी आणि लिपी : भ्रूणविज्ञानातील तीन रूपकांची चिकित्सा

१

भाषाविज्ञानाच्या अध्यापकाने प्राण्यांच्या भ्रूणविकासाविषयी लिहावे, याचे प्रयोजन आरंभीच सांगितले पाहिजे. भ्रूणाचे प्रत्यक्ष निरीक्षण हा प्रस्तुत लेखकाचा अधिकार नव्हे, आणि त्या शास्त्रातील प्रमेयांवर स्वतंत्र निर्णय देण्याचा येथे हेतूही नाही. परंतु कोणतेही शास्त्र शब्दांवाचून चालत नाही. आणि भ्रूणविज्ञान तर गेल्या दोन शतकांत रूपकांवाचून फारसे पुढे सरकलेले दिसत नाही. त्यातील तीन रूपके विशेष प्रभावी ठरली. प्राण्याच्या देहाला 'आराखडा' असतो, हे पहिले. भ्रूणाची वाढ ही त्या प्राण्याच्या पूर्वजांच्या इतिहासाची 'उजळणी' असते, हे दुसरे. देह कसा घडावा हे जनुकांच्या 'लिपीत' लिहिलेले असते, हे तिसरे. यांपैकी पहिले वास्तुविद्येतून आले. दुसरे वक्तृत्वशास्त्रातून, कारण भाषणाच्या अखेरीस मुद्दे थोडक्यात पुन्हा सांगण्याला युरोपीय वक्तृत्वशास्त्रात जी संज्ञा होती तीच येथे उचलण्यात आली. आणि तिसरे तर सरळ आमच्या विषयातून. जी उसनवारी आपल्या घरातून झाली तिचा हिशेब पाहण्याचा अधिकार भाषाभ्यासकाला आहे, असे म्हणावयास हरकत नसावी.

याहून निकडीचे असे दुसरेही कारण आहे. ही उसनवारी एकतर्फी नाही. भाषांना आपण 'जननी', 'भगिनी', 'मृत', 'आदिम' म्हणतो, ते जीवशास्त्राच्या वळणानेच. पदव्युत्तर वर्गाच्या उत्तरपत्रिकांत आजही 'अमुक बोली अद्याप विकासाच्या प्राथमिक अवस्थेत आहे' अशा आशयाचे वाक्य सहज आढळते, आणि ते लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला आपण कोठून काय घेतले याची जाणीव नसते. हे वाक्य मुळात भ्रूणविज्ञानातील एका सिद्धांताचे अपत्य आहे, आणि तो सिद्धांत त्याच्या स्वतःच्या घरी कधीच टाकून देण्यात आला आहे. म्हणून ही चिकित्सा केवळ परक्या अंगणातील नव्हे.

अंडे आणि शब्द यांचे नाते आपल्या परंपरेला नवीन नाही. वाक्यपदीयाच्या ब्रह्मकांडात भर्तृहरीने शब्दतत्त्वाला अंड्याची उपमा दिली आहे. आत सर्व काही अविभक्त असते आणि उच्चाराच्या व्यापारात ते भागाभागाने क्रम धारण करते, असा तिचा आशय आहे. मोराच्या अंड्यातील एकरंगी रसात पिसाऱ्याचे सर्व रंग गुप्त असतात, हा दृष्टांतही भारतीय दर्शनग्रंथांत प्रसिद्ध आहे. दुसरीकडे सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाचे कोणते अंग प्रथम उत्पन्न होते यावरचा एक वाद नोंदलेला आहे. शौनकाच्या मते शिर, कृतवीर्याच्या मते हृदय, पाराशर्याच्या मते नाभी, मार्कंडेयाच्या मते हातपाय, तर सुभूति गौतमाच्या मते मध्यशरीर. अखेर धन्वंतरीचा निर्णय असा की सर्व अंगे एकदमच उत्पन्न होतात. बांबूच्या कोंबाप्रमाणे किंवा कोवळ्या आंब्याप्रमाणे ती सूक्ष्म असल्यामुळे वेगळी दिसत नाहीत, एवढेच. म्हणजे देह आधीपासून असतो व केवळ मोठा होतो, की तो क्रमाने नव्याने घडतो, हा प्रश्न येथे स्पष्टपणे उभा राहिलेला आहे. युरोपात सतराव्या-अठराव्या शतकांत हाच प्रश्न दोन पक्षांनी लढविला. पुढील तीनही रूपकांची परीक्षा याच प्रश्नावर करावयाची आहे: घडण्याची क्रिया त्यांच्यात कितपत टिकते?

२

'आराखडा' या कल्पनेमागील वस्तुस्थिती निर्विवाद आहे. प्राण्यांच्या जाती लक्षावधी असल्या, तरी त्यांच्या देहरचनेचे मूलभूत प्रकार थोडे आहेत. आज प्राणिसृष्टीचे सुमारे ३५ संघ मानले जातात, आणि प्रत्येक संघाची रचना मोजक्या लक्षणांनी सांगता येते: देहाची सममिती अरीय आहे की द्विपार्श्व, भ्रूणात पेशींचे स्तर दोन असतात की तीन, आतडे आणि देहभित्ती यांच्यामध्ये पोकळी आहे की नाही, देह खंडांनी बनला आहे की अखंड आहे, मुख्य तंत्रिकारज्जू पाठीकडे आहे की पोटाकडे. जेलीफिश, गांडूळ, गोगलगाय, झुरळ, तारामीन आणि मनुष्य यांतील भेद या प्रश्नांच्या उत्तरांत बराचसा सामावतो.

या प्रकारांना प्रथम शास्त्रीय रूप दिले ते कुव्हिए याने. १८१२ मध्ये त्याने प्राणिसृष्टीचे पृष्ठवंशी, मृदुकाय, संधियुक्त आणि अरीय असे चार विभाग केले व या विभागांमध्ये कसलाही पूल नाही असे प्रतिपादन केले. त्याचा सहकारी जॉफ्रवा सेंत-इलेर याचे मत नेमके उलट होते. सर्व प्राण्यांची रचना मूलतः एकच आहे, असा त्याचा आग्रह होता. १८२२ मध्ये त्याने असे सुचविले की कोळंबीच्या वर्गातील प्राणी उलटा धरला, तर त्याच्या अवयवांची मांडणी पृष्ठवंशी प्राण्याच्या मांडणीशी जुळते. १८३० मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीत या दोघांचा जाहीर वाद झाला, आणि तत्कालीन समजुतीप्रमाणे कुव्हिए विजयी ठरला.

भाषाभ्यासकाने येथे थांबून एक गोष्ट लक्षात घ्यावी. श्लेगेलने १८०८ मध्ये भारतीयांच्या भाषेवरील आपल्या ग्रंथात तौलनिक व्याकरणाची कल्पना मांडली, तेव्हा त्याच्यासमोर आदर्श होता तो तौलनिक शरीररचनाशास्त्राचा. आणि त्या शास्त्राचा तेव्हाचा अध्वर्यू कुव्हिएच होता. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्या रूपांची तुलना हाडांच्या तुलनेच्या धर्तीवर सुरू झाली. पुढे १८४३ मध्ये ओवेनने 'समजात' अवयवाची जी व्याख्या केली, ती आमच्या सजातीय शब्दाच्या कल्पनेला विलक्षण जवळची आहे: आकार आणि कार्य कितीही बदलले तरी जो अवयव तोच राहतो तो. संस्कृत 'पार्श्व' म्हणजे शरीराची बाजू. त्याच शब्दापासून मराठीचे 'पाशी' हे शब्दयोगी अव्यय आले. नाम गेले, अवयवाचा अर्थ गेला, केवळ संबंध दाखविण्याचे काम राहिले, तरी परंपरा तीच. प्राण्यांतही असेच घडते. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या जबड्याचा सांधा ज्या अस्थींनी बनतो त्यांच्या समजात अस्थी सस्तन प्राण्यांत मध्यकर्णातील दोन सूक्ष्म अस्थी झाल्या आहेत. रायखर्टने १८३७ मध्ये ही गोष्ट भ्रूणाच्या अभ्यासावरून दाखविली. चावण्याच्या कामातून ऐकण्याच्या कामात झालेले हे स्थलांतर प्रौढ प्राण्याकडे पाहून सुचणे कठीण होते.

मग 'आराखडा' या शब्दात दोष कोणता? जर्मन भाषेतील मूळ संज्ञेचा अर्थ 'बांधकामाचा नकाशा' असा आहे, आणि मराठी 'आराखडा' त्याचे प्रामाणिक भाषांतर आहे. परंतु आराखडा वास्तूच्या आधी असतो, वास्तूच्या बाहेर असतो, आणि त्यातील प्रत्येक रेघ वास्तूच्या एका नेमक्या भागाशी जुळते. अर्धा आराखडा हाती आला तर अर्धीच इमारत उभी राहील. भ्रूण असा वागतो काय? हा प्रश्न प्रयोगाने विचारला गेला आहे. १८८८ मध्ये रू याने बेडकाच्या दोन पेशींच्या अवस्थेतील भ्रूणाची एक पेशी तापलेल्या सुईने मारली, तेव्हा उरलेल्या पेशीतून अर्धा भ्रूण तयार झाला. आराखड्याचा पक्ष सिद्ध झाला असे वाटले. परंतु १८९१ मध्ये ड्रीश याने सागरी अर्चिनच्या पहिल्या दोन पेशी एकमेकींपासून वेगळ्या केल्या, तेव्हा प्रत्येकीतून आकाराने लहान पण पूर्ण डिंभ निर्माण झाला. रूच्या प्रयोगात मेलेली पेशी जिवंत पेशीला तशीच चिकटून राहिली होती आणि तिच्या सान्निध्याचाही परिणाम होत होता, हे नंतर स्पष्ट झाले. म्हणजे पेशी पुढे काय होणार, हे ती स्वतः कोण आहे यावर जसे, तसेच तिच्या शेजारी कोण आहे यावरही अवलंबून असते.

१९२४ मध्ये श्पेमान आणि हिल्डे मांगोल्ड यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग याहून बोलका आहे. न्यूटच्या एका भ्रूणातील विशिष्ट जागेचा छोटा तुकडा त्यांनी वेगळ्या रंगाच्या दुसऱ्या जातीच्या न्यूट-भ्रूणाच्या पोटाकडील बाजूस बसविला. तेथे दुसरा देहाक्ष निर्माण झाला, आणि रंगाच्या भेदामुळे दिसून आले की त्या नव्या देहाचा पुष्कळसा भाग यजमान भ्रूणाच्याच पेशींनी बनला होता. ज्या पेशी एरवी पोटाची त्वचा झाल्या असत्या त्या शेजाऱ्याच्या प्रभावाने तंत्रिकारज्जू झाल्या.

यावर आराखड्याचा समर्थक असे म्हणेल की प्रत्येक पेशीत सर्व जनुके असतात, म्हणून प्रत्येक पेशीजवळ संपूर्ण नकाशा आहे. ड्रीशच्या प्रयोगाने रूपक मोडत नाही. हा आक्षेप विचारात घेण्यासारखा आहे. पण तो मान्य केला तर शब्दाचा अर्थच पालटतो. ज्यातील कोणतीही रेघ देहाच्या एका ठिकाणाशी बांधलेली नाही, जो प्रत्येक विटेजवळ पूर्णपणे आहे आणि जो वाचून वीट स्वतःच आपली जागा शेजारच्या विटांवरून ठरविते, त्याला नकाशा कोणत्या अर्थाने म्हणावयाचे? त्याऐवजी 'पाककृती' हा शब्दही सुचविला गेला आहे, आणि तो अधिक बरा आहे, कारण पाककृतीत पदार्थाचे चित्र नसते, क्रियांचा क्रम असतो. तथापि पाककृतीला आचारी लागतो. भ्रूणाला तो नाही.

प्रस्तुत लेखकाची सूचना अशी की मराठीत या संकल्पनेसाठी 'देहबंध' हा शब्द रुळवावा. 'बंध' म्हणजे घटकांचे परस्परसंबंध. साहित्यसमीक्षेत 'आकृतिबंध' हा शब्द याच अर्थाने रुळलेला आहे, आणि कवितेचा आकृतिबंध कवितेच्या आधी कोठे कागदावर असतो असे कोणी मानीत नाही. तो कवितेतच असतो, आणि अनेक कवितांच्या तुलनेतून ओळखता येतो. देहबंधाचेही तसेच आहे. तो प्राण्यांच्या तुलनेतून अभ्यासकाने काढलेला निष्कर्ष आहे, भ्रूणासमोर उलगडून ठेवलेला कागद नव्हे.

३

दुसरे रूपक उजळणीचे. त्याचा इतिहास सांगताना दोन नावांची गल्लत हमखास होते, आणि ती टाळणे अगत्याचे आहे. फॉन बेअर याने १८२८ मध्ये कोंबडीच्या व इतर प्राण्यांच्या भ्रूणांच्या निरीक्षणावरून काही नियम मांडले. मोठ्या गटाची सामान्य लक्षणे भ्रूणात आधी दिसतात व विशेष लक्षणे नंतर. आणि वरच्या समजल्या जाणाऱ्या प्राण्याचा भ्रूण खालच्या प्रौढ प्राण्यासारखा कधीच नसतो, असलाच तर त्याच्या भ्रूणासारखा असतो. आपण दोन भ्रूण मद्यार्कात ठेवले, पण त्यांवर चिठ्ठ्या लावावयाच्या राहिल्या, आणि आता ते पालीचे आहेत, पक्ष्याचे आहेत की सस्तन प्राण्याचे हे सांगता येत नाही, असे त्याने प्रांजळपणे नमूद केले आहे. हे साम्य आरंभीच्या अवस्थांचे होते. त्यातून पूर्वजांची मालिका निघते असे त्याने म्हटले नाही. किंबहुना तसे म्हणणाऱ्यांच्या विरुद्धच त्याने हे नियम मांडले होते.

हेकेलने १८६६ मध्ये नेमके तेच विधान केले. व्यक्तीचा विकास म्हणजे जातीच्या इतिहासाची संक्षिप्त उजळणी, असा त्याचा सिद्धांत होता. त्यानुसार मनुष्याचा भ्रूण एका अवस्थेत माशासारखा पूर्वज असतो. या सिद्धांताच्या प्रचारासाठी त्याने काढलेली चित्रे जगभरच्या पाठ्यपुस्तकांत गेली. त्यांच्याविषयी शंका त्याच्या हयातीतच घेतल्या गेल्या होत्या. १८६८ च्या ग्रंथात कुत्रा, कोंबडी आणि कासव यांचे भ्रूण म्हणून एकच ठसा तीनदा छापला गेला होता, आणि बाझेलच्या र्‍यूटिमायरने तो दोष दाखविला. १८७४ मध्ये विल्हेल्म हिस याने टीका केली. पुढे १९९७ मध्ये रिचर्डसन आणि त्यांचे सहकारी यांनी निरनिराळ्या पृष्ठवंशी प्राण्यांचे प्रत्यक्ष भ्रूण शेजारी शेजारी ठेवून दाखविले की आकारमान, देहखंडांची संख्या, अवयवांच्या कळ्यांची वाढ यांत चित्रांत दाखविल्यापेक्षा पुष्कळच भिन्नता आहे. मनुष्यभ्रूणाच्या मानेजवळील ज्या घड्यांना 'कल्ले' म्हणून दाखविले जाते ते कल्ले नव्हेत. त्या ग्रसनीच्या कमानी आहेत. माशात त्यांतून कल्ल्यांचा आधार तयार होतो, आपल्यात जबडा, मध्यकर्णाच्या अस्थी व घशाचे भाग. दोहोंचे मूळ समान आहे. परंतु एक दुसऱ्याची आरंभीची अवस्था नाही.

फॉन बेअरचे नियमही जसेच्या तसे टिकले नाहीत, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. कोंबडीच्या अंड्यात पिवळ्या बलकावरील लहानशा चकतीतच पेशींची विभागणी होते. बेडकाचे संपूर्ण अंडे विभागते. सस्तन प्राण्याच्या अतिसूक्ष्म अंड्याला प्रथम गर्भाशयात रुजण्याची व्यवस्था करावी लागते. म्हणजे अगदी आरंभीच्या अवस्था परस्परांहून फार भिन्न आहेत. साम्य अधिक दिसते ते मधल्या अवस्थेत, आणि त्यानंतर पुन्हा वाटा फुटतात. १९९४ पासून या कल्पनेला वाळूच्या घड्याळाची उपमा दिली जाते: दोन्ही टोके रुंद, कंबर अरुंद. २०१० मध्ये फळमाशी व झेब्रामासा यांच्या जनुकांच्या अभ्यासातून तिला पाठिंबा मिळाला. ही कंबर नेमकी कोठे व किती अरुंद, यावर मतभेद असले, तरी 'सामान्य ते विशेष' ही सरळ रेषा आता पुरी पडत नाही, हे उघड आहे.

आता या कथेचा आपल्या विषयाशी असलेला संबंध पाहू. हेकेल येना येथे होता, आणि त्याच विद्यापीठात भाषाशास्त्रज्ञ श्लायखर होता. हेकेलनेच त्याला डार्विनचा ग्रंथ वाचावयास दिला, आणि १८६३ मध्ये श्लायखरने हेकेलला उद्देशून 'डार्विनचा सिद्धांत आणि भाषाशास्त्र' या विषयावर खुले पत्र प्रसिद्ध केले. भाषा हा वाढणारा व मरणारा जीव आहे, अशी श्लायखरची धारणा होती. धातू सुटे ठेवणाऱ्या, प्रत्यय चिकटविणाऱ्या आणि रूपे चालविणाऱ्या अशा भाषांच्या तीन वर्गांकडे तो वाढीच्या तीन पायऱ्या म्हणून पाहत असे. या दृष्टीला हेकेलच्या नियमाची जोड मिळाली की पुढचे पाऊल सोपे होते: काही भाषा म्हणजे मानवी भाषेचे बाल्य, आणि त्या बोलणारे लोक म्हणजे मानवजातीचे बाल्य. उजळणीच्या सिद्धांताचा आधार घेऊन एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लहान मूल, स्त्री आणि वसाहतींतील जनता यांना एकाच खालच्या पायरीवर बसविण्यात आले, ही गोष्ट इतिहासात नोंदलेली आहे.

आपल्याकडील एक उदाहरण घ्यावे. मेळघाटात बोलली जाणारी कोरकू ही मुंडा कुळातील भाषा आहे. तिच्यात एकवचन, द्विवचन व अनेकवचन अशी तीन वचने आहेत. संस्कृतातही ती तीन होती. मराठीने द्विवचन टाकले. वचनांच्या संख्येवरून पायऱ्या लावावयाच्या, तर कोरकू संस्कृताच्या पायरीवर आणि मराठी तिच्या खाली, असे म्हणावे लागेल. तसे कोणी म्हणत नाही, आणि म्हणूही नये. परंतु उलट दिशेचे विधान मात्र निःशंकपणे केले जाते. फॉन बेअरचा विचार येथे उपयोगी पडतो. कोणतीही जिवंत भाषा दुसऱ्या जिवंत भाषेची भ्रूणावस्था नाही, जसा कोणताही प्रौढ मासा मनुष्याची भ्रूणावस्था नाही. दोघांच्याही मागे तेवढाच लांब इतिहास आहे.

अर्थात भ्रूणविज्ञानाकडून आलेली सर्वच प्रेरणा अनिष्ट ठरली, असे म्हणणे अन्यायाचे होईल. याकोबसनने १९४१ मध्ये बालभाषेविषयी जो सिद्धांत मांडला त्याचा सांगाडा फॉन बेअरच्या विचाराशी जुळतो. जगातील भाषांत सर्वत्र आढळणारे ध्वनिभेद मूल आधी आत्मसात करते, क्वचित आढळणारे नंतर. आणि वाचाघातात हाच क्रम उलटा होतो. पुढील संशोधनात मुलामुलांतील वैयक्तिक भेद या सिद्धांताला सोसवेनात, हे खरे. परंतु त्याने तपासता येईल असा प्रश्न विचारला. उजळणीच्या रूपकाने तपासण्याआधीच उत्तर दिले होते. दोहोंतील हा फरक विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावा.

४

तिसरे रूपक लिपीचे, आणि ते आजचे आहे. १९७८ मध्ये एडवर्ड लुइस यांनी फळमाशीच्या देहखंडांचे स्वरूप ठरविणाऱ्या जनुकांवरील आपले कार्य एकत्र मांडले. या जनुकांत बिघाड झाला की दोन पंखांच्या माशीला चार पंख येतात, किंवा शृंगिकेच्या जागी पाय उगवतो. १९८४ मध्ये या जनुकांत समान असा एक खंड सापडला, आणि तसाच खंड पृष्ठवंशी प्राण्यांतही आढळला. फळमाशीत या 'हॉक्स' जनुकांची संख्या ८, तर उंदरात ती चार समूहांत मिळून ३९ आहे. आणि गुणसूत्रावर ती ज्या क्रमाने असतात त्याच क्रमाने देहाच्या लांबीवर, डोक्याकडून शेपटीकडे, कार्य करतात. या संशोधनक्षेत्रासाठी लुइस, न्यूसलाइन-फोलहार्ड व व्हीशाउस यांना १९९५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. गुणसूत्रावरील क्रम आणि देहावरील क्रम एकच, म्हटल्यावर 'देह येथे लिहिलेला आहे' असे कोणालाही वाटावे.

परंतु त्याच वर्षी प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या भाषेला मर्यादा घालतो. फळमाशीच्या डोळ्याच्या निर्मितीस आवश्यक असे एक जनुक आहे. उंदरात त्याचे समजात जनुक आहे, आणि मनुष्यातही. गेहरिंग यांच्या प्रयोगशाळेत हे जनुक माशीच्या पायावर, पंखावर कार्यान्वित केले असता तेथे डोळे निर्माण झाले. उंदराचे जनुक वापरले तरी डोळा निर्माण झाला. मात्र तो उंदराचा डोळा नव्हता, माशीचाच, अनेक नेत्रिकांचा संयुक्त डोळा होता. उंदराच्या जनुकात उंदराच्या डोळ्याचे वर्णन 'लिहिलेले' असते, तर असे घडले नसते.

भाषाभ्यासकाला हे ओळखीचे वाटावे. चिन्हाचे मूल्य चिन्हात नसते, ते ज्या व्यवस्थेत येते त्या व्यवस्थेतील इतर चिन्हांशी असलेल्या संबंधात असते, हा सोस्यूरचा सिद्धांत आपण पहिल्याच वर्षी शिकवितो. एकच प्रत्यय दोन भाषांत निरनिराळे काम करतो. त्याचे काम त्या त्या भाषेचे व्याकरण ठरविते. तेव्हा भाषेचे रूपक वापरावयाचेच, तर ते लिपीचे नको, व्यवस्थेचे हवे. लिपी म्हटले की लिहिणारा, वाचणारा आणि लिहिण्याआधीचा मजकूर असे तिघेही गृहीत धरले जातात. भ्रूणात यांपैकी कोणी नाही. गोगलगाईच्या शंखाची गुंडाळी उजवी की डावी हे तिच्या स्वतःच्या जनुकांवर नव्हे, तर तिच्या मातेच्या जनुकांवर अवलंबून असते, ही गोष्ट १९२३ मध्येच स्पष्ट झाली होती, कारण अंड्याची जडणघडण मातेच्या शरीरात आधीच झालेली असते. 'मजकूर' कोठे सुरू होतो आणि 'वाचक' कोठे, हे येथे सांगताच येत नाही.

याच काळात जॉफ्रवाचा पराभूत पक्षही नव्या स्वरूपात पुढे आला. पृष्ठवंशी प्राण्यांत पाठीकडे कार्य करणारा एक रेणू तंत्रिकासंस्थेची जागा मोकळी करतो; त्याचाच समजात रेणू कीटकांत पोटाकडे हेच काम करतो; आणि ज्याला ते रोखतात तो रेणूही दोन्हीकडे समजात व विरुद्ध बाजूस असतो. १९९६ मध्ये डी रॉबर्टिस व सासाई यांनी या पुराव्यावरून जॉफ्रवाच्या 'उलट्या' प्राण्याची आठवण करून दिली. याचा अर्थ कुव्हिए सर्वस्वी चुकला असा नव्हे. देहबंध भिन्न आहेतच. परंतु ते घडविणारी साधने पुष्कळ अंशी समान आहेत. रूपभेद आणि घटकसाम्य एकाच वेळी खरे असू शकतात, हे व्याकरणाच्या अभ्यासकाला निराळे सांगावयास नको.

५

शेवटी परिभाषेविषयी थोडे. भ्रूण पोकळ गोळ्याच्या अवस्थेत असताना त्याचा एक भाग आत वळतो व एक छिद्र तयार होते. ग्रोबेनने १९०८ मध्ये द्विपार्श्व प्राण्यांचे या छिद्राच्या पुढील भवितव्यावरून दोन गट केले: ज्यांत तेथे मुख होते ते आदिमुखी, आणि ज्यांत मुख नंतर दुसरीकडे उघडते ते द्वितीयमुखी. कीटक, गांडूळ, गोगलगाय पहिल्या गटात. तारामीन आणि आपण दुसऱ्यात. आज हे गट जनुकीय पुराव्याने ठरविले जातात, आणि नावे मात्र तीच आहेत. परिणामी २०१२ मध्ये प्रायापुलस या सागरी कृमीचा अभ्यास झाला, तेव्हा वंशाने आदिमुखी असलेल्या या प्राण्यात त्या छिद्राच्या जागी गुदद्वार होते, असे दिसून आले. विद्यार्थी गोंधळतो, कारण त्याने नावालाच व्याख्या मानलेले असते.

आपल्या शब्दशास्त्रात या अडचणीवर उपाय आहे. शब्द यौगिक, रूढ आणि योगरूढ असे असतात. 'पाचक' हा यौगिक. जो शिजवितो तो. 'पंकज' योगरूढ, चिखलात उगवणारे सर्वच पंकज नव्हे. 'कुशल' रूढ, कुश तोडण्याशी आता त्याचा संबंध उरलेला नाही. 'आदिमुखी' ही संज्ञा १९०८ मध्ये यौगिक होती. आज ती रूढ झाली आहे. पाठ्यपुस्तकाने संज्ञेबरोबर ती कोणत्या वर्गात मोडते एवढे जरी सांगितले, तरी निम्मा गोंधळ मिटेल. मराठी परिभाषा घडविताना संस्कृत धातूंची पारदर्शकता हा आपण गुण मानतो. तो गुण आहेच. पण शास्त्र पुढे गेल्यावर पारदर्शक शब्द अधिक फसवितो, कारण तो जुना अर्थ सतत दाखवीत राहतो.

सारांश, तीनही रूपकांत एकच उणीव आढळते. आराखड्यात देह आधीच रेखलेला आहे, उजळणीत तो आधीच जगून झालेला आहे, लिपीत तो आधीच लिहिलेला आहे. तिन्ही ठिकाणी घडण्याची क्रिया ही पूर्वसिद्ध गोष्टीची केवळ नक्कल ठरते. ही धन्वंतरीच्या कोवळ्या आंब्याचीच बाजू होय. गेल्या शतकातील प्रयोगांनी मात्र दाखविले आहे ते असे, की भ्रूणात प्रत्येक पायरी मागच्या पायरीने निर्माण केलेल्या परिस्थितीत घडते, आणि शेजार बदलला की भवितव्य बदलते. शौनकादिकांनी कोणते अंग प्रथम याची दिलेली उत्तरे आज मान्य होणार नाहीत. परंतु क्रमाचा प्रश्न विचारण्यात ते चुकले नव्हते.

रूपकांवर बंदी घालावी असे येथे सुचवावयाचे नाही; ती घालताही येणार नाही. प्रत्येक रूपक कोठवर चालते आणि कोठे थांबते हे मात्र शिकविले पाहिजे. प्राणिशास्त्राच्या वर्गात हे घडले नाही तर एखादा प्रयोग समजणार नाही. भाषाविज्ञानाच्या वर्गात घडले नाही, तर एका समाजाच्या भाषेविषयी अन्यायाचे विधान उत्तरपत्रिकेत लिहिले जाईल, आणि त्याला आम्हीच गुण देऊ.